कंठातल्या ओळी

(मंडळाच्या वर्धापनदिन-समारंभात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला निमंत्रणाचे पत्र धाडले त्यात भाषणाचा विषयही नेमून दिला होता: साहित्यिकांचे जीवन घडविणारी संस्मरणीय वचने. विषय मोठा गोड आहे आणि तितकाच धोक्याचा. अशा विषयावर बोलायला उभे राहिले की वक्त्याच्या हातून बहुधा वचनांची माळच ओवली जाते. एक कालिदासाचे, एक शेक्सपिअरचे, एक ज्ञानोबांचे. श्रोत्यांनी माना डोलवायच्या, आणि घरी पोचेपर्यंत माळेतले मणी वाटेत सांडून गेलेले असायचे. म्हणून मी आधीच सांगून टाकते, की आज मी एकही वचन म्हणून दाखविणार नाही. ज्यांचा उल्लेख येईल ती तुमच्यापैकी पुष्कळजणींना पाठ आहेत, आणि माझ्यापेक्षा तुमचा गळाही बरा आहे. मला बोलायचे आहे ते जरा निराळ्या गोष्टीविषयी. एखादी ओळ एखाद्या बाईच्या कानावर पडते आणि पुढे केव्हातरी ती बाई स्वतःच लिहू लागते. हे घडते तरी कसे?

वचनांचा आज दुष्काळ नाही. सकाळी मोबाईल हाती घ्यावा, तो गुलाबाच्या फुलावर, चहाच्या कपावर, उगवत्या सूर्यावर छापलेले दहा-पाच सुविचार येऊन पडलेले असतात. खाली मोठमोठ्यांची नावे असतात. त्यांतली कितीतरी वाक्ये त्या थोर माणसांनी कधी उच्चारलीही नसतील. पण विचारतो कोण! आपण ती पुढे ढकलतो आणि कुकर लावायला जातो. यात वाईट काही नाही. परंतु असली वाक्ये वाचून कोणी लेखिका झाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. दुकानात पसंत पडलेली साडी आणि वर्षानुवर्षे नेसून अंगाला बसलेली साडी यांत जो फरक, तोच आवडलेल्या वचनात आणि कंठात राहिलेल्या वचनात आहे.

जुन्या माणसांना हे पक्के ठाऊक होते. तुकोबांनी आपली हकिकत एका अभंगात सांगितली आहे, ती तुम्हांला माहीत आहे. दुष्काळ पडला, व्यवसाय बुडाला, बायको अन्नावाचून गेली. मग त्यांनी काय केले? लगेच कविता करायला घेतली नाही. कीर्तनात पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले, आणि आधीच्या संतांची काही बोलणी श्रद्धेने पाठ केली. म्हणजे मराठीचा एवढा मोठा कवी प्रथम पाठांतर करणारा होता, दुसऱ्याच्या मागे म्हणणारा होता. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि त्यांनी कवित्वाचे काम सांगितले ते मागाहून. मला वाटते, नामदेव येण्याजोगे घर आतून आधीच सारवून ठेवलेले होते.

पाठांतर हा तर बायकांचाच प्रांत. पाटी-पेन्सिल हाती येण्याआधी कितीतरी पिढ्या त्यांचे सगळे वाङ्मय कानांनी आत शिरले आणि गळ्यातून बाहेर पडले. जात्यावरच्या ओवीची मौज पाहा. तिची सुरुवात पुष्कळदा ठरलेली असते, आईच्या किंवा सासूच्या तोंडून आलेली. पुढला चरण मात्र दळायला बसलेली बाई आपल्या पदरचा घालते. त्यात तिचा भाऊ येतो, सासुरवास येतो, न आलेला मुराळी येतो, पंढरीची वाट येते. अर्धी ओळ उसनी आणि अर्धी स्वतःची. कवितेची याहून चांगली शाळा कोणती असेल, मला ठाऊक नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये या ओव्या मोठ्या मायेने गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पोयत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एवढ्या ओव्या करणाऱ्या बायकांना लेखिका म्हणावे हे आपल्याला सुचले नाही, इतकेच.

आता मला ज्या एका बाईविषयी मुख्यतः बोलायचे आहे तिच्याकडे वळते. ही सतराव्या शतकातली संत बहिणाबाई. हिचा जन्म १६२८ सालचा, वेरूळच्या बाजूच्या देवगावचा. वडील कुलकर्णी. लग्न झाले ते अगदी बाळवयात, आणि नवरा तिच्याहून पुष्कळ मोठा, बिजवर. कर्ज आणि भाऊबंदकी यांमुळे या कुटुंबाला गाव सोडावे लागले. आई-वडील, नवरा, ही लहानगी अशी सारी मंडळी पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर असे मुक्काम करीत कोल्हापुरास पोचली. तिथे जयरामस्वामींची कीर्तने होत असत, आणि त्या कीर्तनांत देहूच्या तुकोबांचे अभंग म्हटले जात. तुकोबा तेव्हा हयात होते. देहू कुठे आणि कोल्हापूर कुठे! ना छापखाना, ना टपाल. तरी ओळी चालत चालत कोल्हापुरास आल्या आणि या मुलीच्या कानी पडल्या.

कानी पडल्या त्या बाहेर निघेनात. तिला तुकोबांचा ध्यास लागला. ती आपल्या आत्मनिवेदनात हे सारे स्वतः सांगते, आणि अगदी न लपविता सांगते. तिचे एक वासरू होते, ते तिच्यामागून कीर्तनाला यायचे. ते वासरू गेले. ती कित्येक दिवस शुद्धीवर नव्हती, आणि मग स्वप्नात तुकोबांनी येऊन तिला मंत्र दिला. ज्या माणसाला तिने डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, तो ओळींच्या वाटेने तिचा गुरू झाला.

पण ही गोष्ट नुसती गोड नाही. तिचा नवरा वैदिक ब्राह्मण. त्याला हे मुळीच सहन होईना. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राचे अभंग घोकावेत, त्याला गुरू मानावे, आणि लोकांनी तिच्या पाया पडायला घरी यावे! त्याने तिला मारले, बांधून घातले, टाकून जायला निघाला. भगिनींनो, आपण “वचनाने जीवन बदलते” असे सहज म्हणतो. इथे एका मुलीने काही ओळी सोडल्या नाहीत म्हणून तिच्या पाठीवर वळ उठले. पुढे नवरा दुखण्यातून उठला, त्याचे मन पालटले, आणि ही मंडळी देहूला गेली. तिथे तिला तुकोबा प्रत्यक्ष दिसले. असो. तो भाग तुम्ही कीर्तनांतून ऐकलेला आहे.

मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. बहिणाबाईच्या कंठात तुकोबांच्या ओळी होत्या, तशीच आणखी काही वचने तिच्या डोक्यावर येऊन बसली होती. ती होती शास्त्रांची आणि पुराणांची. बाईच्या संगतीत कल्याण नाही, हे तिने जन्मभर ऐकले होते. आपल्या अभंगात ती हे सांगते आणि मग सरळ विचारते, की मी तर जन्मानेच बाईच्या देहात आहे. माझी परमार्थाची सोय कशी लागायची? हा प्रश्न साधा दिसतो. पण जरा थांबून पाहा. पुरुषांना बजावण्यासाठी केलेले ते वचन. बाईपासून जपा, एवढाच त्याचा अर्थ. ऐकणाऱ्यांत एखादी बाईही बसली असेल हे त्या वचनाच्या कर्त्याच्या मनातही आले नसेल. बहिणाबाई त्या श्रोत्यांतून उठली आणि म्हणाली, मी इथे आहे, माझे काय? तुकोबांच्या ओळींनी तिला गाणे शिकविले असेल. पण स्वतःचे असे काही म्हणायला लावले ते या टोचणाऱ्या वचनांनी, असे मला वाटते. पुढे तिने ‘वज्रसूची’ हा खरा ब्राह्मण कोण याचा निवाडा करणारा संस्कृत ग्रंथ मराठीत आणला. हा ग्रंथ तिने का निवडला असेल, हे तिच्या घरातली कहाणी ऐकल्यावर मी सांगायला नको.

आणखी एक गंमत. वारकरी पंथाला देवळाच्या इमारतीची उपमा देणारा, ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंत एकेका संताकडे त्या बांधकामातले एकेक काम सोपविणारा अभंग महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? शाळेच्या पुस्तकांत, भाषणांत, दिंडीत, सर्वत्र तो म्हटला जातो. तो बहिणाबाईचा आहे. म्हणणाऱ्यांना पुष्कळदा ते माहीत नसते. एका बाईने दुसऱ्यांच्या ओळी जिवापाड जपल्या. तिच्या ओळी लोकांनी जपल्या, पण नाव गाळून.

टोचणाऱ्या वचनांविषयी मी बोलले, तेव्हा ताराबाई शिंद्यांकडे आलेच पाहिजे. मध्ये दोनशे वर्षे लोटली होती, इंग्रज आले होते, छापखाने आले होते, आणि वचने मात्र तीच होती. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेवर अर्भकाच्या हत्येचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली; ती मागाहून कमी झाली. पण त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेणे सुरू झाले. बुलढाण्याच्या एका मराठा घरातली ताराबाई ते वाचून खवळली. तिचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे. त्यांनी मुलीला लिहायला वाचायला शिकविले होते. तिने ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले आणि १८८२ साली ते पुण्यात छापून निघाले.

या पुस्तकात ती एक जुना संस्कृत श्लोक घेते. शृंगारशतकातला तो श्लोक विद्वानांच्या जिभेवर नाचणारा. त्यात स्त्रीला भोवऱ्यापासून पेटाऱ्यापर्यंत नाना उपमा दिल्या आहेत, आणि प्रत्येक उपमेत एकेक दुर्गुण कोंबला आहे. हा श्लोक ऐकवला की बाईने खाली मान घालायची अशी रीत. ताराबाईने मान घातली नाही. तिने त्या श्लोकातला एकेक शब्द असा उचलला, जशी आपण सुपात तांदूळ घेऊन एकेक खडा उचलतो. संशय बाईत आहे म्हणता, बरे, पुरुषात नाही? साहस? कपट? मग एकापेक्षा एक उदाहरणे. दरबारातली, कचेरीतली, बाजारातली, घरातली. लाच खाणारे कोण, राज्ये बुडविणारे कोण, पहिली बायको मरते न मरते तो दुसरी आणणारे कोण. त्या काळच्या कादंबऱ्या-नाटकांतून बायकांची जी चित्रे रंगविली जात, त्यांचाही तिने समाचार घेतला. भाषा कशी? तर पाणवठ्यावर दोघी भांडत असताना जी निघते तशी, रांगडी, नेमकी, मध्येच हसवणारी. आपण घरात कोंडलेली अशिक्षित बाई आहोत, भाषा कडक झाली तर काय करणार, अशा अर्थाचे ती आरंभी म्हणून घेते. आणि मग पुढची सारी पाने ती बिलकूल मऊ होत नाही.

एका श्लोकाला उत्तर म्हणून सुरू झालेली ही उलटतपासणी साऱ्या पुस्तकाचा कणा झाली. वचने लेखकाला घडवितात ती अशीही. आवडून नव्हे, गळ्यात अडकून. घास अडकला की माणूस जसा धडपडतो तशी ती बाई धडपडली, आणि त्या धडपडीचे पुस्तक झाले.

तेव्हा तिला फार थोड्यांनी हात दिला. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली. नंतर ताराबाईचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा छापून आणले तोवर त्र्याण्णव वर्षे गेली होती. या त्र्याण्णव वर्षांत तो संस्कृत श्लोक कितीदा छापला गेला असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इथे मला एक गोष्ट बोलून घेऊ द्या. आपण वचने म्हटली की कविता आठवतो. पण आपल्या बायकांच्या आयुष्याला खरा आकार कोणी दिला असेल तर तो दोन शब्दांच्या वचनांनी. “चूल आणि मूल” हे असलेच एक. कोणी केले, केव्हा केले, पत्ता नाही. पण शेकडो मुलींची नावे शाळेतून काढण्यास तेवढे पुरे झाले. त्याला कवीची सही लागली नाही. मुलीच्या वहीत सुवाच्य अक्षरात कोणती वचने उतरवून घेतली आहेत ते पाहण्यापूर्वी घरात रोज काय बोलले जाते ते ऐकावे. तिचे खरे पाठांतर त्याचेच चाललेले असते.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण या ठिकाणी येते ती थोड्या उलट कारणाने. रेव्हरंड टिळक हे वचनांनी पेटणारे गृहस्थ. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. एकाला जे वचन तारते ते त्याच्या शेजारचीला बुडवीतही असते, याचा विचार सुविचारांच्या पुस्तकात कुठे नसतो. लक्ष्मीबाई पुढची काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या, त्यांनी आपल्या मनाने आणि आपल्या वेळेने विचार केला, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या पायांनी चालत जाऊन. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत वचने शोधायला जाल तर हात हलवीत परत याल. अक्षरओळख लग्नानंतर झालेली ही बाई. तिचा भरवसा बोलण्यावर, घडलेल्या गोष्टीवर, आपल्याच फजितीवर. मला तर वाटते, घरात एवढा वचनप्रिय कवी असल्यामुळेच त्यांनी साध्या बोलण्याची कास धरली असावी. आणि तरीही टिळक १९१९ मध्ये गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे लिहायला बसल्या त्याही लक्ष्मीबाईच. नवऱ्याची ओळ जिथे तुटली तिथून ती हाती धरली. ओवीची ती जुनी रीत इथे पुन्हा दिसते: अर्धी त्याची, पुढली आपली.

दुर्गाबाई भागवतांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यानच हवे. थोरो या अमेरिकन लेखकाचे ‘वॉल्डन’ त्यांनी मराठीत आणले. ते १९६५ साली ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने आले. भाषांतर म्हणजे सर्वांत सावकाश केलेले पाठांतर. वाक्य नुसते वाचून भागत नाही. त्याच्या पोटात शिरून दुसऱ्या दाराने बाहेर यावे लागते. आता, थोरोने अन्यायी सरकारला कर देण्याचे नाकारून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली होती हे आपण जाणतो. दुर्गाबाई १९७५ च्या डिसेंबरात, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी निर्भयपणे बोलल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले. एकीमुळे दुसरी गोष्ट घडली असे मी म्हणणार नाही. दुर्गाबाईंचा कणा मुळातच ताठ होता. आणि त्यांनी थोरोला निवडले ते त्यामुळेच असेल. लेखिका वचनांना निवडते की वचने लेखिकेला, हा वाद मी विद्वानांवर सोपविते.

बोलता बोलता वेळ बराच झाला. उठण्यापूर्वी एक लहानशी सूचना करण्याची परवानगी घेते. मघाशी आत येताना आपल्या मंडळाच्या सभागृहाबाहेरचा फळा मी पाहिला. दर सोमवारी त्यावर एक नवे वचन लिहितात असे कळले. अक्षर सुरेख आहे. ज्या भगिनी लिहितात त्यांचे कौतुक केले पाहिजे. या आठवड्याच्या वचनाखाली नाव मात्र नव्हते. विचारले तर उत्तर मिळाले, “सगळ्यांना माहीतच असतं की!” सगळ्यांना माहीत असते म्हणूनच नाव आधी गळते. तेव्हा नाव लिहीत जा. ठाऊक नसेल तर “आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेले” एवढे तरी लिहा. त्यासाठी फळ्यावर जागा कमी पडत असेल तर वचन लहान निवडा.

आणि बहिणाबाईंचे वचन लिहाल तेव्हा कोणत्या बहिणाबाई हे आवर्जून लिहा, कारण घोटाळा नेहमी होतो. एक शिऊरच्या, जिच्याविषयी मी आज बोलले, १७०० साली वारल्या. दुसऱ्या खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. १८८० साली जन्मल्या, शेतात राबल्या, अक्षर शिकल्या नाहीत, आणि त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपली म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आपल्या हाती आली. दोघींच्या जन्मांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. फळ्यावर ते दिसू द्या.